चार बोटांचं अंतर

माय काजळ धरायची तेव्हा घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. वाऱ्यानं ज्योत हलते तशी बोलण्यानंही हलते, आणि हललेल्या ज्योतीची काजळी खरखरीत येते, असं तिचं म्हणणं होतं. दोन विटा, त्यांच्यामध्ये तेलाचा दिवा, वर पालथी घातलेली पितळी ताटली, आणि पुढ्यात मांडी घालून बसलेली माय. ताटली काळी होईपर्यंत ती जागची हलत नसे. मग बोटानं काजळी खरवडून त्यात तुपाचा थेंब घालायची आणि तळहातावर घोटायची. आसेगावात आमच्या आळीत जन्मलेल्या बहुतेक पोरांच्या डोळ्यांत पहिलं काजळ तिच्या हातचं गेलेलं आहे. त्यातली काही पोरं आता आजोबा झाली, मोतीबिंदू काढून घेऊन बसली. मायचा त्यात दोष नाही.

आमचं घर गावाच्या कडेला, पांदणीला लागून होतं. दिवस उगवायच्या आत शेतावर जाणाऱ्या गाड्या आमच्या भिंतीजवळून जात आणि मावळतीला परत येत. घरातले बाकीचे आवाज म्हणजे जात्याची घरघर, गोठ्यातली घंटा, बाबांचं खाकरणं. पण मायचा कान पांदणीकडं. चुलीपाशी बसून, भाकरी थापता थापता ती चाकाच्या आवाजावरून गाडी कोणाची ते सांगायची. एखाद्या दिवशी अनोळखी चाक वाजलं की तिचा हात थांबे. अनसिंगकडची गाडी असेल असं तिला वाटायचं. अनसिंग तिचं माहेर. सकाळी दमणी जुंपली, म्हणजे आमच्याकडची माणसं न्यायची हलकी गाडी, तर दिवेलागणीला पोचता येई. पण मला कळायला लागल्यापासून माय अनसिंगला गेल्याचं मला आठवत नाही.

कारण सांगायला आजही लाज वाटते. मामाच्या लग्नात जावयाचा मानाचा फेटा आधी दुसऱ्याच्या डोक्यावर गेला आणि मग बाबांकडं आला, एवढंच. बाबा जेवणावरून उठले, मायला गाडीत बसवलं आणि तिथंच सांगून आले की या गावच्या शिवेत मी पाय टाकणार नाही, अन ही बी टाकणार नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसले आमचे बाबा. एरवी माणूस वाईट नव्हता. मला शिकवलं, मुलगी म्हणून कधी हात आखडला नाही, बैलावर कधी आसूड ओढला नाही. फक्त तो एक फेटा त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. माय त्यांच्याशी भांडत नसे. कधी फार झालं तर भाकरी उलटता उलटता म्हणायची, "एक दिवस मी गाडीनं जाईन अनसिंगले. कोनालेच इचारनार नाही." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की कोणी वर बघतही नसे.

अकरावीला मी विज्ञान घेतलं आणि एसटीनं मंगरूळपीरला जाऊ लागले. भौतिकशास्त्राला राऊत सर होते. बुटके, खिशात कायम खडूचा चुरा, आणि आवाज असा बारीक की मागच्या बाकाला कान पुढं करावे लागत. एक दिवस त्यांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: उजेड अधिक उजेड बरोबर अंधार. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, लोडशेडिंग." वर्ग हसला, सरही हसले. मग म्हणाले की हे मी तुम्हाला दाखवणार आहे, आणि नुसतं दाखवणार नाही, मोजायला लावणार आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपला प्रयोग हाच.

प्रयोगाला लागणारं सामान हसू यावं असं. सरळ तार असलेला एक बल्ब, त्याच्यापुढं मिठाईच्या खोक्यावरचा लाल पारदर्शक कागद, आणि फोटोच्या काचेचा चौकोनी तुकडा, दोन बोटं लांब, दोन बोटं रुंद. काच काजळीनं काळी करायची. दाढीची दोन पाती एकमेकींना चिकटवून धरायची आणि एकदाच रेघ ओढायची, म्हणजे काजळीत अगदी जवळजवळ दोन फटी पडतात. ती काच डोळ्याला लावून दूरच्या बल्बाकडं पाहायचं. पण आमचं गाडं काजळीवरच अडलं. रॉकेलच्या चिमणीवर धरलेली काजळी पातं लागलं की खपलीसारखी उडे आणि दोन फटींची एकच मोठी फट होई. सरांनी आम्हा तिघी मुलींना एकेक काच दिली आणि सांगितलं, घरी बघा काही जमतं का.

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "चिमनीची काजळी ते काय काजळी? फुकली त उडते. मी तुले तिळाच्या तेलाची धरून देतो. पन काचीले काजळ लावून पाहनार काय?"

"उजेड," मी म्हणाले.

"काजळ लावून उजेड! चांगली शाळा हाये बापा तुमची." आणि हसून म्हणाली, "आयतवारी देतो धरून. आज सरपन आनाचं हाये."

रविवार यायच्या आत तिला ताप भरला. मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, उतार पडला म्हणून परत आणलं, आणि शनिवारी दुपारी मधल्या खोलीत, माझ्या हातचं पाणी पिऊन, ती गेली. मला वाटतं तिला स्वतःलाही पटलं नसावं. चुलीवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं तेव्हा आम्हाला कळलं की कोणी बघायला नाही. मामा अनसिंगहून आला, अंगणात उभा राहिला. बाबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. अग्नी दिल्यावर तो ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं गेला.

सुतकाचे दिवस ज्यांनी खेड्यात काढले त्यांना माहीत आहे. चूल बंद, भाऊबंदांकडून आलेलं बिनफोडणीचं वरण आणि भाकरी, देवापुढचा दिवा विझलेला. घरात दिवा जळतो तो एकच, माणूस जिथं गेलं त्या जागेवर. आमच्याकडं नवव्या दिवशी त्या जागी ज्वारीचं पीठ चाळून पसरतात, मध्ये दिवा ठेवतात आणि वरून बांबूचं टोपलं पालथं घालतात. दहाव्याला नदीवरून माणसं परत आली की टोपलं उचलायचं. पिठावर काय उमटलंय त्यावरून गेलेलं माणूस कोणत्या वाटेला लागलं ते सांगतात. पाखराचा पाय, लेकराचं पाऊल, सापाची वळवळ. बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, हे वाचण्यात हुशार मानली जाई. तिनंच पीठ चाळलं, दिव्यात तिळाचं तेल घातलं, टोपलं ठेवलं आणि मला बजावलं, "इकडं कोनी फिरकू नका."

दुपारी बायका विहिरीवर गेल्या. बाबा गोठ्यात बैलांजवळ बसून होते. मी एकटी त्या खोलीत, आणि समोर टोपल्याच्या भेगांतून दिसणारी ती ज्योत, अजिबात न हलणारी. मी आज कितीही शहाणी होऊन लिहिलं तरी त्या वेळी माझ्या मनात प्रयोग होता की माय होती हे मला वेगळं करून सांगता येत नाही. ती देतो म्हणाली होती. तिळाच्या तेलाची म्हणाली होती. घरात तिळाच्या तेलाचा तोच एक दिवा होता. मी दप्तरातून काच काढली, टोपलं उचललं आणि काच ज्योतीवर धरली.

काजळी मायनं धरावी तशीच बसली, एकसारखी, मऊ. मी पाहतच राहिले आणि काच चिमट्यात नाही, बोटांत धरली आहे हे विसरले. काच तापली, बोटाला चटका बसला आणि ती हातातून सुटून पिठावर पडली. नशीब, काळी बाजू वर. मी झटकन उचलली. पिठात चौकोन उमटला होता. बोटाच्या टोकानं मी तो हलक्या हातानं सारखा केला, फुंकर घातली, काही दिसत नाही अशी खात्री करून घेतली आणि टोपलं होतं तसं ठेवलं. खात्री करून घेतली असं मी लिहिते आहे. कान विहिरीवरून येणाऱ्या बायकांकडं होते, मी नीट पाहिलं की नाही ते देव जाणे.

दहाव्याला पुरुष नदीवरून आले ते खाली मान घालून. कावळा शिवला नव्हता. तासन्‌तास वाट पाहिली, सगळ्यांनी बाबांना सांगितलं की तिच्या माहेरचा काही शब्द द्या, अनसिंगला जाईन म्हणा. बाबा पिंडाकडं पाहत उभे राहिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बाबांचा चेहरा राखेसारखा झाला आहे आणि त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

आत्यानं टोपलं उचललं. बायकांच्या खांद्यांमधून मला जेवढं दिसलं तेवढं सांगते. पिठावर दोन रेघा होत्या. सरळ, एकमेकींच्या बाजूनं जाणाऱ्या. काचेच्या दोन कडा. बोटानं मधलं पीठ सारखं झालं होतं आणि कडा राहिल्या होत्या.

आत्यानं टोपलं भिंतीला टेकवलं. मग बाबांकडं न पाहता म्हणाली, "चाकोरी हाये, भाऊ. गाडीची चाकोरी. गेली ते. कोनाले न इचारता गेली."

बाबा पुढं आले, पिठापाशी गुडघ्यावर बसले, बायका मागं सरकल्या. त्यांची पाठ आमच्याकडं होती. ते तिथं किती वेळ होते मला सांगता येणार नाही. उठले तेव्हा भिंतीला धरून उठले आणि रडले. मी त्यांना तोपर्यंत कधी रडताना पाहिलं नव्हतं, माय गेली तेव्हासुद्धा नाही. मला बोलायचं होतं. शब्द दातांपर्यंत आले होते: बाबा, ते मी केलं. तेवढ्यात ते म्हणाले, "दमनी काढा. बैलं जुंपा." आणि मायचं नेसतं लुगडं मांडीवर घेऊन, उपाशी, ते अनसिंगला निघाले. माझे शब्द जिथल्या तिथं राहिले.

मामाच्या दारात बाबांनी डोक्यावरची टोपी काढून उंबऱ्यावर ठेवली, असं मामी सांगायची. त्या दिवसापासून दोन घरं एक झाली. पुढं एसटीनं वाशीमला कॉलेज करताना मी अनसिंगला मामाकडंच राहिले, मामीच्या हातची खिचडी खाल्ली. म्हणजे त्या दोन रेघांवर माझं शिक्षण झालं, माझं लग्न जमलं, माझी नोकरी झाली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मामी ताटात तूप वाढायची तेव्हा मला ते खवखवायचं.

चौदाव्या दिवशी मी काच घेऊन शाळेत गेले. सरांनी ती उजेडात धरली, फिरवून पाहिली. "ही कुठं धरली?" मी म्हणाले, घरच्या दिव्यावर. त्यांनी दोन पाती एकत्र धरून एकच रेघ ओढली. काजळी उडाली नाही. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, टेबलाच्या पार टोकाला बल्ब, त्याच्याजवळ फूटपट्टी. काच माझी म्हणून पहिला मान माझा. सर म्हणाले, "आधी एक फट झाकून पहा." मी पाहिलं. लाल डाग, पसरलेला. "आता दोन्ही उघड. दुसरी वाट उघडली म्हणजे उजेड वाढायला पाहिजे, नाही का?"

मी दोन्ही फटी उघडल्या. त्या लाल डागात काळ्या रेघा उभ्या राहिल्या. सरळ, एकमेकींच्या बाजूनं जाणाऱ्या. जिथं क्षणापूर्वी उजेड होता तिथं काळोख, आणि पुन्हा उजेड, आणि पुन्हा काळोख. मायच्या दिव्याच्या काजळीतून मी चाकोऱ्या पाहत होते. डोळा जरा हलला की त्याही सरकत, कोणीतरी निघाल्यासारख्या. काच माझ्या हातून पडली नाही एवढंच. मी खाली बसले आणि मला आठवतंय, मी "माय" म्हणाले. मैत्रिणींना वाटलं, दुःख ताजं आहे.

सरांनी मुलींना बाहेर पाठवलं आणि माठातलं पाणी दिलं. त्यांना मी सगळं सांगितलं. जगात त्यांनाच सांगितलं. मला वाटलं ते रागावतील, किंवा म्हणतील की ही अंधश्रद्धा आहे, जा आणि वडिलांना खरं सांग. ते खिशातला खडूचा चुरा चिमटीत चोळत राहिले. मग विचारलं, "त्या दोन रेघांतलं अंतर मोजलंस?"

"नाही सर."

"काचेची रुंदी तुला माहीत आहे. रेघांचं अंतर माहीत नाही. मग रेघा काचेच्या होत्या हे तुला माहीत नाही, तुला वाटतं. वाटलेलं वहीत लिहायचं नसतं." आणि थोड्या वेळानं, "चल, ऊठ. हे तरी मोजू."

मुलींना परत आत बोलावून आम्ही मोजलं. एक मुलगी बल्बापाशी कागदाचे दोन बाण सरकवत होती, मी काचेतून सांगत होते, अजून डावीकडं, थांब. सहा काळ्या रेघा किती सेंटिमीटरमध्ये बसतात ते घेतलं, काचेपासून बल्बापर्यंत टेप लावला, दोन फटींतलं अंतर सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. गणित करून लाल उजेडाच्या लाटेची लांबी काढली तर ती पुस्तकातल्या आकड्याहून बरीच जास्त आली. मी खोडरबर उचलला. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जे आलं ते लिही. यायला पाहिजे होतं ते लिहू नको." प्रदर्शनात आम्हाला नंबर मिळाला नाही. परीक्षकांनी आमचा आकडा चुकीचा आहे म्हणून बोट ठेवलं, आणि सर त्यांना हसून म्हणाले, हो, पण आमचा आहे.

पुढं आयुष्यभर मी मुलांना तेच शिकवलं, जे आलं ते लिही. तेहेतीस वर्षं फळा आणि खडू. माझ्या नातवाकडं आता पेनाएवढा लेसर आहे. तो बटण दाबतो आणि भिंतीवर क्षणात लाल ठिपक्यांची ओळ पाडून दाखवतो. "आजी, बघ, झालं." त्याला घोंगड्या लावायला लागत नाहीत. मी म्हणते, छान. आणि तो झोपायला गेल्यावर ती भिंत पाहत बसते.

बाबा शेवटची दोन वर्षं माझ्याकडं वाशीमला होते. फेटा कधीच उतरला होता, बरोबर आवाजही उतरला होता. दरवर्षी मायच्या तिथीला ते अनसिंगला जात. चालवेना तेव्हा मी त्यांना ऑटोत घालून नेत असे. शेवटच्या खेपेला तिथून आल्यावर ते अंथरुणालाच लागले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा हातानं अडवला.

"मंदे, तू सायन्सची मास्तरीन. तुले खोटं बोलता येत नाही. सांग मले. त्या रेघा गाडीच्याच होत्या ना?"

एवढी वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते असं आता वाटतं. खरं सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्या माणसाकडून मायचं एकुलतं एक जाणं काढून घेतलं असतं. ती परत मधल्या खोलीत येऊन पडली असती, कधीच कुठं न गेलेली. मी पेजेच्या वाटीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हो बाबा. गाडीच्याच."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. आणि मग उजव्या हाताची चार बोटं जुळवून त्यांनी माझ्यासमोर धरली. शेतात राबलेली, जाड, नखं पिवळी पडलेली बोटं. "आत्यानं टोपलं उचललं ना, तवाच मी बोटं लावून पाह्यली होती. या रेघेपासून त्या रेघेलोक पुरी चार बोटं. बरोब्बर बसली. कोनाले सांगलं नाही. लोक म्हनले असते, बायको मेली अन हा मोजून राह्यला." ते हसले. "पेज दे."

चारच दिवसांनी ते गेले. त्यांचा दहावा झाला, कावळा पहिल्याच घटकेला शिवला. सगळे पांगल्यावर मी ट्रंक उघडली. ती काच मी जपून ठेवली आहे, जुन्या रुमालात, काजळी अर्धी उडालेली. बाबांची बोटं आता नव्हती, म्हणून माझी लावली. माझी बोटं बारीक. तरी दोनसुद्धा पुरी बसेनात. लांबीकडून लावली, रुंदीकडून लावली. काच चौकोनी आहे, कशीही फिरवली तरी तेवढीच.

म्हातारपणी आठवण चुकते, बोटंही चुकतात, हे मला कळतं. इतक्या वर्षांत दोन बोटांची चार होऊ शकतात. किंवा माझा चौकोन मी खरोखरच पुसला होता आणि त्या रेघा माझ्या नव्हत्या. बापाला शेवटी खोटं सांगितलं म्हणून मी दोन आठवडे रडले, आणि ते खोटं होतं की नाही तेच मला माहीत नाही. आम्हा दोघांत त्या दिवशी मोजायची बुद्धी एकालाच झाली, आणि शाळेत मी जात होते.

आमच्या कॉलनीत आता बैलगाडी येत नाही. तरी कधी भर दुपारी, घरात कोणी नसताना, भिंतीपलीकडून लाकडी चाकाचा आवाज येतो. पहिल्यांदा मी तो मनावर घेतला नाही. आता उठून दार उघडते. बाहेर डांबरी रस्ता असतो, ऊन असतं, कोणी नसतं. डांबरावर चाकोरी उमटत नाही, त्यामुळं मोजायला काही राहत नाही. मी दाराशी उभी राहते आणि आवाज लांब जाईपर्यंत ऐकते. तो अनसिंगच्या बाजूला जातो.